आईला काचबिंदूच्या नव्या थेंबांच्या चाचणीत भाग घ्याल का विचारलंय. सही करू द्यावी का?

लगेच सही नको, पण लगेच नकारही नको. संमतीपत्र घरी आणा, मराठीतलंच मागा आणि आईंना सावकाश वाचून दाखवा. नवं औषध कोणाला आणि नेहमीचं कोणाला, हे बहुतेक वेळा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. त्यामुळे त्यांना नवंच मिळेल असं धरून चालू नका. आत्ताचे थेंब काही दिवस बंद करायला लावणार का, हे मात्र खोदून विचारा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून माझ्या लेखी हाच मुख्य प्रश्न.

कागदावर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक शोधा. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना ही नोंदणी सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, शिवाय भरपाई. मध्येच सोडता येतं, कारणही सांगावं लागत नाही.

तपासणीच्या दिवशी सोबत जा. एका सर्वेक्षणात माझ्या वडिलांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले. हातातली चिठ्ठी वाचता येईना, उन्हाकडे बघवेना. स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने आले, वर दुपारभर घरात गॉगल!

आणि हो, चाचणीत नसतानाही एखाद्या थेंबाने त्रास झाला तर रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकतो. बाटली फेकू नका, बॅच नंबर लागतो.