६१ मिनिएचर्सचा नवा गेम आलाय, पावसाळा तोंडावर आहे. रंगवायला सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहता, मिनिएचर गेम, म्हणजे छोट्या आकृत्यांनी पटावर खेळायचा खेळ, पहिल्यांदाच घेतलाय. पेटीत ६१ आकृत्या निघाल्या: ६ नायक, ६ सरदार, चार प्रकारचे प्रत्येकी १२ असे ४८ शिपाई आणि १ मोठा राक्षस. सगळ्या जोडूनच आल्यात, प्लास्टिक राखाडी आणि जरा लवचिक आहे. ब्रश कधी हातात धरलेला नाही, घरात फेव्हिक्रिलच्या बाटल्या आहेत, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं उरकावं असं वाटतंय.

पावसाआधी उरकणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पावसाळ्यात नडतो तो फक्त रंगाचा स्प्रे. ब्रशचं काम जुलैतही व्यवस्थित होतं.

रंगाआधी मोजणी करा. नियमपुस्तिकेच्या सुरुवातीला सगळ्या भागांची यादी असते. ती समोर ठेवून आकृत्या, कार्डं, फासे, टोकन मोजा आणि ट्रेसह फोटो काढा. तुटका भाला किंवा कमी आलेली आकृती विक्रेत्याला याच टप्प्यावर कळवायची. रंग चढवल्यावर बदलून मिळण्याची आशा धरू नका. शिवाय कोणती आकृती कोणत्या खाचेत बसते हे दोन महिन्यांनी आठवत नाही, तेव्हा तोच फोटो कामाला येतो.

जोडून आलेल्या, किंचित वाकणाऱ्या आकृत्या म्हणजे बहुतेक करून पीव्हीसी, प्लास्टिकचा जरा मऊ प्रकार. हे ओळखणं महत्त्वाचं, कारण व्हिडिओंमधले बरेच सल्ले वॉरहॅमरसारख्या गेमच्या कडक पॉलिस्टायरीनसाठी असतात. पॉलिस्टायरीन जोडायचा प्लास्टिक सिमेंट ते प्लास्टिक विरघळवून सांधतो. पीव्हीसीवर तो धरतच नाही. तुमचं काही तुटलं तर फेविक्विकच वापरा, एक थेंब पुरतो. वाकलेल्या तलवारी आणि भाले सरळ करायला पाणी उकळा, गॅस बंद करा, आकृती चिमट्यात धरून १०-१५ सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि तशीच धरून बर्फाच्या पाण्यात घाला. गार पाण्याची पायरी टाळली तर तलवार हळूहळू पुन्हा वाकते.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगावर एक बारीक रेघ उठलेली असते. ती आत्ता दिसत नाही, पण पातळ रंग लावला की नेमका तिथेच थांबतो आणि गालावरून जखमेसारखी रेघ उमटते. पॉलिस्टायरीनवर पात्याच्या पाठीने खरवडतात. पीव्हीसी खरवडलं किंवा कानसलं की त्याला कापसासारखी लव येते. म्हणून नवं, धारदार पातं जवळजवळ आडवं धरून पातळ साल काढावी तशी रेघ कापा. शिपायांच्या फक्त चेहऱ्यावरची आणि खांद्यावरची रेघ काढा, बाकीची राहू द्या. नायकांची मात्र सगळी काढा. मग भांडी घासायचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन सगळ्या आकृत्या धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ अंगावर राहिलेला असू शकतो. पावसाळी हवेत धुतल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या, घड्यांत पाणी अडकून राहतं.

आता प्रायमर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून त्याच्या आधी द्यायचा थर. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा रंग पितो, प्लास्टिक पीत नाही. प्रायमरशिवाय लावलेला रंग खेळताना बोटांच्या घासण्यानेच निघतो, आणि सर्वांत आधी निघतो नाकाच्या शेंड्यावरून आणि तलवारीच्या टोकावरून. तुमच्या बाबतीत मी स्प्रे सुचवत नाही, त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे सॉल्व्हंटवाले काही स्प्रे, गाड्यांचे प्रायमर त्यातच आले, पीव्हीसीवर आठवडेच्या आठवडे चिकट राहतात. दुसरं कारण आपली हवा. जून ते सप्टेंबर दमट हवेत स्प्रे पांढुरका पडतो. एप्रिल-मेच्या भर दुपारी उलट होतं: थेंब आकृतीपर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा होतो. पुढे कधी स्प्रे वापरायचाच झाला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ऊन आल्यावर, गच्चीवर वारा नसताना, मास्क लावून, २०-२५ सेंटिमीटर अंतरावरून, आणि आधी एकाच शिपायावर करून बघा.

तुम्ही ब्रशने लावायचा ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर घ्या, काळा. व्हॅलेहो कंपनीचा ऑनलाइन मिळतो. पाणी मिसळू नका, बाटली मात्र भरपूर हलवा. पातळ एक हात द्या, खाचांत साचलेला कोरड्या ब्रशने टिपून घ्या, तासाभराने गरज असेल तिथे दुसरा. हात लावून सुकल्यासारखं वाटलं तरी २४ तास थांबा, पावसात ४८. कच्चा असताना नखाने घासला तर साप कात टाकतो तसा सोलून निघतो. आर्टच्या दुकानातला जेसो टाळा. तो कॅनव्हाससाठी असतो, ३० मिलिमीटरच्या आकृतीच्या चेहऱ्यावर नाक-डोळे बुजवतो.

फेव्हिक्रिलबद्दल. तो ॲक्रिलिकच आहे, त्यामुळे प्रायमरवर नीट बसतो. पण कापडासाठी आणि हस्तकलेसाठी बनवलेला असल्याने मिनिएचरच्या रंगाइतका बारीक दळलेला नसतो. एका हातात झाकायला गेलात तर जाड थर बसतो, पातळ केलात तर तीन-चार हात लागतात. पिवळा आणि लाल सर्वांत जास्त त्रास देतात. आकृत्यांचे तळ, चामड्याचे तपकिरी पट्टे आणि सरावासाठी तो बिनधास्त वापरा. चेहरे, धातू आणि नायकांसाठी नको. पोस्टर कलर अजिबात नको, घामाच्या हातानेही निघतो.

विकत काय घ्यायचं? सेट घेऊ नका, त्यातले निम्मे रंग पडून राहतात. १७-१८ मिलीच्या बाटल्या सुट्या घ्या: काळा, पांढरा, त्वचेचा, गडद तपकिरी, हाडाचा फिका पिवळा, लाल, निळा, हिरवा, चांदी. त्यावर काळा आणि तपकिरी असे दोन वॉश, म्हणजे खाचांत उतरणारे पातळ गडद रंग. मॅट व्हार्निश एक. ६१ आकृत्यांना एवढं पुरून उरतं. ब्रश तीन: टोक नीट जुळणारा १ नंबर, थोडा मोठा ३ नंबर, आणि ड्रायब्रशसाठी (ते कसं करायचं ते पुढे येतं) मेकअपचा मऊ गोल ब्रश. अगदी बारीक ०००० नंबरच्या मोहात पडू नका. त्यात रंग इतका कमी मावतो की आकृतीपर्यंत नेईतो टोकावर सुकतो. १ नंबरच्या चांगल्या टोकाने डोळेही होतात. रंग ब्रशच्या धातूच्या नळीपर्यंत चढू देऊ नका, तिथे सुकला की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं.

शिपाई एकेक करून रंगवायचे नाहीत. गणपतीच्या कारखान्यात आधी सगळ्या मूर्तींचं अंग, मग सगळ्यांचं पितांबर करतात, तसंच इथे. एका प्रकारचे १२ शिपाई औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर दुहेरी टेपने चिकटवा आणि ओळीत ठेवा. काळ्या प्रायमरवर मेकअपच्या ब्रशने मध्यम राखाडी (काळा-पांढरा मिसळून) ड्रायब्रश करा, म्हणजे ब्रशमधला जवळजवळ सगळा रंग टिश्यूवर पुसून मग हलक्या हाताने वरून खाली. त्यावर फक्त वरच्या बाजूंना पांढरा. एवढ्यानेच उजेड आणि सावली तयार होते. आता १ ते १२ सगळ्यांची त्वचा, मग सगळ्यांचे कपडे, मग चामडं, मग शस्त्रं. बाराव्यापर्यंत पोचता तोवर पहिला सुकलेला असतो, वाट बघावी लागत नाही. रंग पातळ ताकासारखा हवा: दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी, आणि अंगठ्याच्या नखावर ओढून बघा. ओघळला तर पाणी जास्त, रेघा राहिल्या तर कमी. राखाडी-पांढरी छाया आतून थोडी दिसत राहिली पाहिजे, म्हणून शिपायांना एकच हात द्या.

शेवटी तपकिरी वॉश, सगळ्या अंगावर. नवशिक्याचं काम बिघडतं ते इथेच. वॉश साचला तर तो ओला असेपर्यंतच ब्रशने टिपायचा. अर्धा सुकल्यावर हात लावला की चहाच्या कपाखाली पडतो तसा डाग पडतो आणि जात नाही. ही पंधरा-वीस मिनिटं डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, वाऱ्याने कडा आधी सुकतात.

चारही प्रकारांच्या तळाच्या कडेला वेगवेगळा रंग द्या: तांबडा, निळा, हिरवा, पांढरा. पटावर लांबून कोण कुठला ते पटकन कळतं. तळावर वाळू लावायची इच्छा होईलच. कृष्णेकाठची वाळू चहाच्या गाळणीने चाळून, तव्यावर भाजून, फेव्हिकॉलने लावली तर सुंदर दिसते. पण त्याआधी ट्रेची खाच तपासा. तळ दीड मिलिमीटर वाढला तरी बऱ्याच आकृत्या जागेवर बसत नाहीत. रंग मात्र आपल्याच मातीचे घ्या. नायकांच्या पायाखाली जांभ्याचा तांबूस, शिपायांखाली माण-खटावकडचा सुका फिका तपकिरी, असं केलंत तर दोन्ही बाजू आपोआप वेगळ्या दिसतात. कास पठारावरून माती मात्र आणू नका, फोटो काढा आणि रंग जुळवा.

नायक आणि सरदारांना वेळ द्या. इथे दोन पातळ हात, वॉश फक्त खाचांत, आणि मग उंच भागांवर मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून पुन्हा रेषा. मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी करतात. तुम्ही चेहऱ्यापासून सुरुवात करा. डोळ्याच्या जागी आधी पांढरी आडवी रेघ, मधोमध काळा उभा ठिपका, मग बाहेर गेलेलं सगळं त्वचेच्या रंगाने झाका. चुकलंच तर फक्त चेहराच पुन्हा करावा लागतो, वरची टोपी आणि खालची चिलखतं बिघडत नाहीत.

वेळेचा हिशोब: शिपायाला सरासरी २० मिनिटं धरली तर ४८ चे १६ तास. सरदार दीड तासाने ९, नायक तीन तासांनी १८, राक्षस ६, आणि धुणं-प्रायमर ६. एकूण ५५ तास. रोज तासभर बसलात तर आठ आठवडे. क्रम असा ठेवा: सर्वांत साध्या प्रकारचे १२, मग दुसरे १२, मग एक नायक, कारण सलग ४८ शिपाई रंगवताना कंटाळा हमखास येतो. राक्षस शेवटून दुसरा आणि तुमचा आवडता नायक सर्वांत शेवटी, तोवर हात बसलेला असेल. रंगवून होईपर्यंत खेळ थांबवू नका. प्रायमर पक्का झालेल्या काळ्या आकृत्यांनीही खेळता येतं.

एखादी फारच बिघडली तर न मिसळलेल्या डेटॉलमध्ये २४ तास बुडवा, हातमोजे घालून डेटॉलमध्येच टूथब्रशने घासा आणि रंग पूर्ण निघाल्यावरच पाण्याने धुवा. आधी पाणी लागलं की त्याचा चिकट गोळा होतो. पहिला प्रयोग शिपायावर करा, नायकावर नको.

व्हार्निश ब्रशनेच लावा, वॉश सुकून दोन दिवस झाल्यावर. बाटलीच्या तळाशी मॅट करणारी पांढरी पूड बसते, ती पूर्ण मिसळेपर्यंत हळूहळू उलटसुलट करा. जोरात हलवलंत तर बुडबुडे होतात आणि तसेच सुकतात. दोन पातळ हात, मध्ये चार तास. जाड लावलं की खाचांत पांढरं दिसतं. खेळताना कंदी पेढ्याचा तुपकट हात लागणारच असेल तर आधी ग्लॉसचा एक हात आणि त्यावर मॅटचा, असं करा. ट्रेमध्ये ठेवताना सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि पहिला आठवडा झाकण उघडं ठेवा, नाहीतर व्हार्निश ट्रेच्या प्लास्टिकला चिकटतं.