इंटर्नशिप संपली, सर्टिफिकेट मिळालं, पण नोकरी नाही. आता पुढे काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात भोसरीतल्या एका कारखान्यात सहा महिने क्वालिटी विभागात होता, जागा नाही म्हणून त्यांनी पुढे ठेवलं नाही, आणि आता हातात फक्त सर्टिफिकेट आहे. मीही याच वाटेने आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि सहा महिन्यांत काय केलं ते आजच लिहून काढा. कोणता पार्ट, कोणतं मशीन, कोणतं माप, ते कशाने मोजलं, किती पीस रिजेक्ट होत होते आणि नंतर किती व्हायला लागले. दोन महिने गेले की आकडे डोक्यातून जातात, आणि मुलाखतीत आकड्यांशिवाय बोलणं फार पोकळ वाटतं. एक मात्र सांभाळा: कंपनीच्या ड्रॉइंगचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर पुसून टाका. ते कुणाला दाखवलेत, तर हा उद्या आमचंही बाहेर नेईल, हेच समोरच्याच्या मनात येणार.

माझं उदाहरण सांगतो. आमच्याकडे सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) एक बुश, म्हणजे पोकळ नळीसारखा पार्ट, व्हायचा. त्याच्या आतल्या भोकाचा, म्हणजे बोअरचा, व्यास २५ मिमी, ड्रॉइंगवर एच-७. म्हणजे माप इकडेतिकडे व्हायची सूट फक्त २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पहिले काही पीस मापाबाहेर जायचे. मी दोन आठवडे वेळेनुसार मापं टिपून ठेवली. मशीन थंड असताना माप वेगळं येतं आणि तापलं की स्थिरावतं, हे त्या नोंदींतून दिसलं. ऑपरेटर काकांना ते आधीच माहीत होतं, फक्त कागदावर कुणी आणलं नव्हतं. मग मशीन आधी थोडा वेळ रिकामं फिरवायचं आणि सुट्टीनंतरही पहिला पीस तपासायचा, असं ठरलं.

पुढे चाकणला मुलाखतीत मला विचारलं, "बोअर कशाने मोजलात? व्हर्नियरने का नाही?" मी सांगितलं, आमच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. सगळी सूटच २१ची, मग त्यावर पीस पास कसा करणार? म्हणून रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या कडीवर) सेट करून बोअर गेज वापरला. त्यानंतरची सगळी मुलाखत त्या बुशवरच झाली. सर्टिफिकेट त्यांनी उलटूनही पाहिलं नाही. "क्वालिटी विभागात सहा महिने काम केले" ही ओळ बायोडेटातून काढा आणि तिथे तुमचा असा एक प्रश्न तीन ओळींत लिहा. रिजेक्शन कमी करण्यात काकांचा वाटा असेल तर तोही सांगा. मी सांगितला होता आणि ते त्यांना आवडलं होतं.

दुसरी गोष्ट फार थोडी मुलं करतात. तुमच्या कारखान्याभोवती जी साखळी आहे ती आठवा. पार्ट हीट ट्रीटमेंटला कुठे जायचे? प्लेटिंग कुठे व्हायचं? गेज कॅलिब्रेशनला कोणत्या लॅबला पाठवायचे, इन्सर्ट (कापायच्या हत्याराची बदलायची पाती) कोण पुरवायचं, ग्राहकाकडून तपासणीला कोण यायचं? या प्रत्येक ठिकाणी माणसं लागतात, आणि तिथल्या लोकांना तुमच्या कारखान्याचं नाव नुसतं माहीत नसतं, तिथल्या कामाचा दर्जाही माहीत असतो. पोर्टलवर शंभर अर्ज टाकण्यापेक्षा अशा दहा जागी थेट जाऊन भेटा.

तरीही काही जमलं नाही, तर नॅट्सच्या (केंद्र सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर नाव नोंदवून एक वर्षाची अ‍ॅप्रेंटिसशिप बघा. तुमच्या इंटर्नशिपहून ती वेगळी आहे: १९६१च्या कायद्याखाली चालते, दरमहा विद्यावेतन मिळतं, आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र कामाचा अनुभव म्हणून धरलं जातं. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मात्र कंपनीवर नसतं, हे धरूनच जा.

आता माणसांबद्दल. माझी मोठी चूक इथेच झाली. निघताना मी सुपरवायझर साहेबांना नुसता नमस्कार केला आणि चार महिने फोनच केला नाही. शेवटी केला तेव्हा ते चाकणला कामाला गेले होते, आणि वर सांगितलेली मुलाखत त्यांच्यामुळेच मिळाली. चार महिने आधी केला असता तर तेवढे महिने घरी बसावं लागलं नसतं. तुम्ही याच आठवड्यात फोन करा. "सर, नोकरी बघा ना" असं नको. "सर, क्वालिटीत इन्स्पेक्टर किंवा ट्रेनी इंजिनिअरची जागा शोधतोय, चाकण-तळेगावपर्यंत कुठेही चालेल, तुमचं नाव संदर्भाला दिलं तर चालेल का?" असं नेमकं विचारा. नेमकं विचारलं की त्यांनाही कुणाला सांगायचं ते सुचतं.

आणि खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी पेढे घेऊन कारखान्यात जाऊन या. साहेब, काका, स्टोअरवाले सगळे निवांत भेटतात. कुणाच्या ओळखीत कुठे जागा निघाली आहे, हे मला तरी अशाच दिवशी कळत आलंय.