मुलीच्या खोलीत भिंतीवर चित्र हवंय. पेंटरकडून कार्टून काढून घ्यावं की स्वतः काढावं? रंग कुठला वापरावा?

स्वतः काढा. पेंटर मोबाईलवरचं कार्टून बघून हुबेहूब उतरवून देईल, पण दोन वर्षांत मुलगी मोठी होते आणि तिलाच ते नको वाटायला लागतं.

मी लग्नाआधी चार वर्षं जव्हार तालुक्यात शिक्षिका होते. तिथे वारल्यांच्या लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढायच्या ते जवळून पाहिलंय, हातात ब्रश नाही, बांबूची काडी चावून टोक मऊ केलेलं. ते मनात इतकं बसलं की मुलगी सहा वर्षांची झाल्यावर ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तिच्या पलंगामागची भिंत वारलीच करायची ठरवलं. मे महिन्यात आठ दिवस गेले. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हात धरून नाचणाऱ्यांचं वेटोळं, ते आधी खडूने आखून घेतलं. खालची तीन फूट जागा लेकीला दिली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की अंग, वर गोल डोकं, हे तिला दहा मिनिटांत जमलं, मग तिने दप्तरवाली मुलगी काढली, सोसायटीची लिफ्ट काढली आणि लिफ्टमध्ये आजी.

तिच्या वाढदिवसाला माझे मोठे दीर आले, ते इंटिरियरची कामं घेतात, सगळ्यांसमोर म्हणाले, "खोली अगदी झोपडीसारखी करून ठेवलीस." घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. आज सांगते, लग्नाच्या चौकातली ही चित्रं कागदावर आणणाऱ्या जिव्या सोमा मशेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. झोपडीतलीच कला आहे ती, त्यात कमीपणा कसला? दिरांच्या मुलाच्या खोलीतला कार्टूनचा वॉलपेपर आत्तापर्यंत दोनदा बदलला, माझी लेक आता दहावीत आहे आणि तिला दुसरी भिंत नकोच आहे.

रंगाचं म्हणाल तर खरा गेरू आणि पीठ फ्लॅटमध्ये नको, पावसाळ्यात बुरशी धरते, गावात लग्नाला भिंत नव्याने सारवतात, इथे कोण सारवणार. बोट फिरवल्यावर पावडर लागत असेल तर जुना डिस्टेंपर घासून काढा, त्यावर काहीही टिकत नाही. मग प्रायमर, त्यावर पाण्यातला ॲक्रिलिक इमल्शन, त्यातच रेड ऑक्साईडचा स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा गडद रंग, टाकून गेरूचा रंग येतो. ऑइल पेंट मुलांच्या खोलीत अजिबात नको, वास किती दिवस जात नाही.

आणि हो, ओल आधी बघा. आमची भिंत बाथरूमला लागून, जुलैत खालून पोपडे सुटले आणि नेमकी लेकीची लिफ्ट गेली, आजीसकट. खूप रडली ती. आधी गळती काढली, मग दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी तेवढं पुन्हा काढलं. प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, आतून थेंब दिसले तर ब्रश हातात घेऊ नका. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारल्याशिवाय काही करू नका. आणि गेरूचा रंग एकाच भिंतीला द्या, चारी भिंती केल्या तर खोलीत काळोख वाटतो, उजेडाबद्दल दीर बोलले होते तेवढं बरोबर होतं.