आधी भरणं शिक, मग घडवणं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि टिपण दोन्ही वाचलं. कणकुंबीच्या आजींना रोज सुई टोचून घ्यावी लागते, म्हणून एम.फार्मच्या प्रोजेक्टला तू सूक्ष्म पेल्यांतून, म्हणजे औषध भरून झाकण लावायच्या इवल्याशा डब्यांतून, तोंडावाटे इन्सुलिन देण्याचा विषय घेते आहेस. विषय चांगला आहे आणि त्यामागचं कारण मला त्याहून आवडलं. पण टिपणात पेला कसा घडवायचा यावरच सगळी पानं खर्च झालीत. औषध पेल्यात जाणार कसं, याला एकच ओळ: 'त्यानंतर ड्रग लोडिंग करण्यात येईल.' हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. या कामाचा खरा कस तिथेच लागतो.

आधी हिशेब मांड. धर, पेला आतून २०० मायक्रॉन (०.२ मिलिमीटर) रुंद आणि तेवढाच खोल. आतली जागा साधारण ६ नॅनोलिटर. सैलसर दाबलेल्या पावडरची घनता ०.५ ग्रॅम प्रति मिलिलिटर धरली तर त्यात ३ मायक्रोग्रॅम औषध बसतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी अशी भरायची तर दीड लाखाहून जास्त पेले लागतील, आणि भिंतींसकट ते गिळायला शून्य नंबरच्या सात-आठ कॅप्सूल. मेटफॉर्मिनचा विचार तिथेच सोडायचा. इन्सुलिनचं तसं नाही. २० युनिट म्हणजे जेमतेम ०.७ मिलिग्रॅम, अडीचशेच्या आत पेले. मात्र हा डोस सुईचा आहे. आतड्यातून प्रथिनं फारच थोडी शोषली जातात. शंभरातला एक भाग रक्तात पोचला असं धरलंस तर हाच आकडा २३ हजार पेल्यांवर जातो आणि शून्य नंबरची कॅप्सूल काठोकाठ भरते.

हा एक टक्का मी हवेतून काढलेला नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या, प्रथिनाच्याच जातीच्या औषधाच्या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. शोषण वाढवण्यासाठी त्यात 'स्नॅक' नावाचा घटक घातलेला असतो, तरीही ते एक टक्क्याच्या आसपासच राहतं. म्हणून जे औषध इंजेक्शनने आठवड्याला १ मिलिग्रॅम पुरतं, ते गोळीतून रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं, तेही उपाशीपोटी, घोट-दोन घोट पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास काही न खाता. ज्या वाटेवर एवढी गळती आहे, तिथे प्रत्येक पेल्यात किती औषध पडलं हे नक्की ठाऊक नसेल तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही.

आता भरण्याबद्दल. कॉलेजातलं हाताने चालवायचं कॅप्सूल फिलिंग मशीन तुझ्या ओळखीचं आहे. पावडर पसरायची, पट्टीने ओढायची, दाबायची. पेल्यांची सोपी पद्धत तीच आहे, फक्त इथे पावडरचा एखादा मोठा कण पेल्याच्या तोंडाएवढाच असू शकतो. म्हणून आधी बारीक दळून चाळायला हवं. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. दोन पेल्यांच्या मधल्या जागेवर पावडर चिकटून राहते. तू वरून जठरातल्या आम्लाला दाद न देणारं झाकण चढवतेस, पण ही बाहेरची पावडर चाचणीच्या आम्लात लगेच विरघळते आणि आलेखात झाकण गळल्यासारखं दिसतं. मग महिनाभर दोष झाकणाला दिला जातो. मधली जागा झाकणारा मास्क वापर, आणि भरल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक चिप (एकत्र घडवलेल्या पेल्यांची चकती) बघ. याला पर्याय नाही.

इंकजेटने द्रावण थेंबाथेंबाने सोडता येतं. ते नेमकं असतं, पण इथेही गणित आडवं येतं. ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाने पेला एकदा भरून वाळवला की मागे ०.३ मायक्रोग्रॅम उरतं. म्हणजे किमान दहा वेळा भरायचं आणि दर वेळी वाळवायचं. पेला पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरचा असेल तर क्लोरोफॉर्म चुकूनही नको, भिंतच विरघळेल. उष्णतेचंही तसंच, हे पॉलिमर ६० अंशांच्या आसपास वितळतं.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातली, आन्या बॉइसेन यांच्या गटाची. पेल्यांत आधी पीव्हीपी (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) भरायचं आणि मग सुपरक्रिटिकल, म्हणजे वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेतल्या, कार्बन डायऑक्साइडमधून किटोप्रोफेन हे वेदनाशामक त्यात मुरवायचं. हा वायू ३१ अंश आणि ७४ बारच्या वर त्या अवस्थेत जातो, त्यामुळे औषधाला फार उष्णता सोसावी लागत नाही, आणि दाब सोडला की द्रावक उडून जातो. पाण्यात नीट न विरघळणारं किटोप्रोफेन पीव्हीपीत अस्फटिक (स्फटिक न बनलेल्या) रूपात बसतं आणि मग चटकन विरघळतं. तूही सुरुवात किटोप्रोफेननेच कर. स्वस्त आहे, प्रयोगशाळेतल्या युव्ही यंत्रावर २६० नॅनोमीटरला छान दिसतं, आणि एका पेल्यातले ३ मायक्रोग्रॅम एका मिलिलिटरमध्ये घेतले तरी वाचता येतात. आजींचं इन्सुलिन त्यानंतर. इतक्या नाजूक औषधावर हात बसवायचा नसतो.

आपल्याकडच्या पावसाचा विचार प्रोजेक्टच्या वेळापत्रकातच कर. पीव्हीपी हवेतलं पाणी ओढतं, आणि ओलावा मिळाला की अस्फटिक औषध पुन्हा स्फटिक होऊ लागतं. जून ते सप्टेंबर बेळगावात भरलेली चिप डेसिकेटरबाहेर (कोरड्या हवेच्या बंद भांड्याबाहेर) ठेवायची नाही, आणि त्या महिन्यांतले आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांत मिसळायचे नाहीत.

झाकणाची फार काळजी करू नकोस. त्यासाठीचं पॉलिमर, युड्रॅजिट एल-१००, सहाच्या वरच्या पीएचला विरघळतं. दोन तास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, मग ६.८ च्या फॉस्फेट बफरमध्ये, ही चाचणी तुला पाठच आहे.

एमआयटीच्या लोकांनी २०१९ मध्ये डुकरांवर तपासलेली 'सोमा' कॅप्सूल जरूर वाच. ती कासवासारखी जठरात स्वतःच सरळ होते, हे सगळ्यांना आठवतं. तू तिची सुई बघ. गोठवून सुकवलेलं इन्सुलिन दाबून सुईचं टोकच घडवलंय. भरायला पोकळीच ठेवली नाही, म्हणून थोड्या जागेत जास्त औषध मावलं.

आता लगेच करण्यासारखं. तुझे बाबा उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कातकाम यंत्रावर) आहेत. मायक्रॉन म्हणजे काय हे त्यांना आपल्या कुठल्याही प्राध्यापकाइतकं कळतं. ॲक्रिलिकच्या पट्टीवर १ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर खोल अशी शंभर आंधळी (आरपार न जाणारी) भोकं त्यांच्याकडून पाडून घे. प्रत्येकात ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास औषध बसेल, म्हणजे शंभरांचे ४० मिलिग्रॅम आपल्या साध्या तराजूवरही नीट तोलता येतील. खऱ्या पेल्यांच्या ४०० च्या चिपवर सगळं मिळून १.२ मिलिग्रॅमच असतं आणि तो तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचतो. पट्टीवर हात बसला की अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांवर ये.

तिथे दहा-दहा भोकांचे नमुने जुळू लागले की मग खऱ्या पेल्यांसाठी आयएनयूपी या सरकारी योजनेला अर्ज करू. या योजनेत बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही आपल्या नॅनोफॅब्रिकेशनच्या प्रयोगशाळा वापरू देतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने संध्याकाळी निघालीस तर सकाळी बंगळूरला. अर्जाचा मसुदा मी तपासून देईन, इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. पण अर्जासोबत तुझ्या पट्टीचे भरण्याचे आकडे जोडलेले मला हवेत, चुकलेल्या नमुन्यांसकट.

बाबांना आणि आजींना नमस्कार सांग. पट्टी तयार झाली की पहिल्या शंभर भोकांचा तक्ता पाठव.

तुझी,
मॅडम