डाएट करून 11 किलो कमी केले, आता नॉर्मल खाणं कधीपासून सुरू करू? वजन परत वाढणार नाही ना?

नॉर्मल म्हणजे डाएटच्या आधीचं खाणं म्हणत असाल तर कधीच नाही. 90 किलोच्या माणसाला लागायचं तेवढं 79 च्याला लागत नाही, वर शरीर हिशोबापेक्षा जास्तच काटकसर करतं आणि भूक मात्र वाढवून ठेवतं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन चरबीतूनच येतं, चरबी गेली की तेही उतरतं. मेलबर्नच्या लोकांचा एक अभ्यास 2011 साली छापून आलेला, त्यात वजन उतरवून वर्ष झालं तरी भुकेची हार्मोन्स जागेवर आली नव्हती.

पण मला विचाराल तर हार्मोन परवडली, पाहुणे नको. वजन उतरत असतं तोवर सगळे वा वा करतात, ते टिकवायला लागलात की सगळ्यांना तुम्ही परत जाड व्हायला हवे असता.

माझी सासरवाडी कागलकडची. वजन उतरल्यावर पहिल्यांदाच जत्रेला गेलेलो, पंगतीत मेव्हणा तांबड्याची बादली घेऊन वाढायला, मी दोन भाकरी, मटणाच्या चार फोडी आणि पांढरा दोनदा घेऊन पानावर हात आडवा धरला तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "दाजी, शर्ट थोरल्या भावाचा घातलाय जणू!" आणि लगेच शेजारच्या पाव्हण्याला, "शुगर निघालीय त्यांना, आमाला सांगत न्हाईत." झालं. संध्याकाळपर्यंत गावभर. सासूबाईंनी बायकोला आत नेऊन विचारलं जावयाला जेवायला घालतीस का नाही, आणि परतीच्या वाटेवर त्याचा सगळा राग माझ्यावर. मी एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घेतली, 5.4 आली (5.7 च्या खाली नॉर्मल धरतात) आणि रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला. मेव्हण्यानं अंगठा दाखवला, बाकी एक शब्द नाही.

हां, तर तुमचं. एकदम सोडू नका. आठवडा-दोन आठवडे एक भाकरी वाढवून बघा, वजन जाग्यावर असेल तर अजून थोडं, काटा सरकायला लागला की तिथं थांबा, तेच तुमचं नॉर्मल. सुरुवातीला किलो-दीड किलो पटकन वाढेल, ते पाणी असतं, भात-भाकरी वाढली की शरीर ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठवतं आणि त्याच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तर काट्यावर चढूच नका, मिठानं फुगलेलं असतं सगळं. एरवी आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट रिकामं असताना. मेव्हणा याला याड म्हणतो, म्हणू दे, मला दोन किलो वाढले तर लगेच कळतं, त्याला पँट शिवायला टाकल्यावर कळतं. तेल पळीनं ओतायचं बंद करा, एका मोठ्या चमचाभर तेलात 120 कॅलरी जातात आणि पोटाला पत्ता लागत नाही. उसळ, अंडी सोडू नका, चालणं तर अजिबात सोडू नका. चालून वजन उतरतं यावर माझा फारसा विश्वास नाही, टिकतं मात्र नक्की.

आणि घरी शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं डॉक्टरांना विचारून, वजनाबरोबर डोस बदलावा लागतो. अजून एक, काही न करता वजन उतरत असेल तर शुगर खरंच तपासा, ते लक्षण आहेच, तेवढ्यापुरता मेव्हणा बरोबर. पण आपल्याकडच्या पुरुषांना कंबर 90 सेंटीमीटरच्या आत लागते म्हणतात आणि ह्याचा पट्टा शेवटच्या भोकात, तरी तपासणीचं नाव काढलं की म्हणतो मला काय धाड भरलीय.