फोन विकत घेतला, पण अ‍ॅप काढता येत नाही
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मागांवरचे रोजचे उत्पादन आणि कामगारांची हजेरी नोंदवण्यासाठी शहरातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आम्हाला मराठी आणि तेलुगूत चालणारे छोटे अ‍ॅप करून दिले. ते प्ले स्टोअरवर नाही. त्याची एपीके, म्हणजे अ‍ॅप फोनमध्ये बसवण्याची फाइल, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. अशी अ‍ॅप्स पुढे फोनमध्ये घेता येणार नाहीत, असे कानावर आले आहे. उलट कंपनीने भरून दिलेली नको असलेली अ‍ॅप्स मात्र काही केल्या निघत नाहीत. याबाबत नियम काय आहेत?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच वाद आहे. फोनमध्ये काय राहावे आणि काय राहू नये, हे शेवटी कोणी ठरवायचे?

आधी न निघणाऱ्या अ‍ॅप्सविषयी. सेटिंग्जमध्ये अशा एखाद्या अ‍ॅपचे पान उघडले, तर ‘अनइन्स्टॉल’च्या जागी ‘डिसेबल’ असे बटण दिसते. ते दाबल्यावर अ‍ॅप चालायचे थांबते आणि त्यावर नंतर आलेले अपडेट पुसता येतात. परंतु कारखान्यातून आलेली मूळ प्रत स्मृतीच्या ज्या भागात असते, तो भाग वापरकर्त्याला बदलण्यासाठी खुला नसल्याने ती तिथेच राहते.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. वर्तमानपत्रांत आकडा गाजला, पण सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने दंडापेक्षा सोबतचे निर्देश मोलाचे होते. आधीपासून भरलेली अ‍ॅप्स काढण्यास आडकाठी करू नये आणि प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप घेण्यावर निर्बंध आणू नयेत, असे त्यांपैकी दोन होते. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, मात्र चार निर्देश रद्द केले, आणि आपल्या कामाचे हे दोन्ही निर्देश नेमके त्या चारांत निघाले. फोन उत्पादकांवर गूगलच्या अ‍ॅप्सचा अख्खा संच लादू नये आणि फोन सुरू करतानाच शोधयंत्र निवडण्याची मुभा द्यावी, हे मात्र टिकले. युरोपीय संघात ७ मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांवर लागू झालेल्या डिजिटल बाजार कायद्याने अ‍ॅप सहज काढता येण्याची सोय बंधनकारक केली. आपल्याकडे तेवढा पल्ला अजून गाठायचा आहे.

लादण्याचा मोह केवळ कंपन्यांना होतो असेही नाही. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस दूरसंचार विभागाने नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अ‍ॅप आधीच घालून देण्याचा आदेश उत्पादकांना दिला, आणि टीकेचा भडिमार झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. हरवलेल्या फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंद करण्यासाठी हे अ‍ॅप उपयोगी आहे. गड्ड्याच्या यात्रेत ज्याचा फोन गेला, त्याला मी ते आवर्जून सुचवीन. परंतु उपयोगी वस्तूलाही नको म्हणण्याचा हक्क फोनच्या मालकाकडे असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या एपीकेविषयी. ऐकलेली बातमी निराधार नाही. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर कोठूनही आलेले अ‍ॅप घेताना त्याच्या निर्मात्याने गूगलकडे ओळख पटवलेली असली पाहिजे, असा नियम गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे तो सप्टेंबर २०२६ पासून, तर इतरत्र २०२७ पासून टप्प्याटप्प्याने लागू करण्याचा बेत सांगण्यात आला. मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या, सॉफ्टवेअरचे भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडने, या नियमामुळे आपला प्रकल्पच बंद पडेल, असा इशारा दिला. पुढे नोव्हेंबरमध्ये, धोका पत्करून अनोळखी निर्मात्याचे अ‍ॅप घेऊ इच्छिणाऱ्या जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असे गूगलने म्हटले.

गूगल सुरक्षेचे कारण देते आणि ते खोटे नाही. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके उघडल्याने खाती रिकामी झालेले लोक आपल्या आसपासही सापडतील. तरीही, धोक्याची ठळक सूचना देणे वेगळे आणि आपल्या दफ्तरी नोंद नसलेल्या प्रत्येकाला दार बंद करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कारखान्यातील हजेरीचे अ‍ॅपही एका परदेशी कंपनीच्या परवानगीवर चालू लागते.

तूर्त कामगारांना फाइल व्हॉट्सअ‍ॅपऐवजी कारखान्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून द्यावी, आणि अ‍ॅप घेऊन झाल्यावर ब्राउझरला दिलेली ‘अज्ञात अ‍ॅप्स’ची परवानगी लगेच काढून घ्यायला सांगावे.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. अ‍ॅपवर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असते, आणि सुधारित प्रतीवर त्याच किल्लीची (स्वाक्षरीसाठी लागणाऱ्या गुप्त फाइलची) स्वाक्षरी नसेल तर फोन ती जुन्या प्रतीवर चढवू देत नाही. उद्या तो विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला गेला आणि किल्ली त्याच्या लॅपटॉपमध्येच राहिली, तर आपले अ‍ॅप आहे तिथेच थांबेल. म्हणून किल्लीची प्रत आणि संपूर्ण सोर्स कोड, म्हणजे अ‍ॅपची मूळ लिहिलेली आज्ञावली, आजच मागून घ्या. शक्य असल्यास जीपीएलसारखा मुक्त परवाना लावायला सांगा. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरणे, अभ्यासून बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये त्याने आपल्याला लेखी मिळतात. मग उद्या शेजारच्या कारखान्याला त्यात कन्नड हवी असेल, तर तो दुसऱ्या कोणाकडूनही ती घालून घेऊ शकेल.

प्रश्न : माझा फोन चांगला चालतो, पण कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे. नवा घ्यावा, की त्यात दुसरी प्रणाली टाकावी?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लिनेजओएससारखी, अँड्रॉइडवरच बेतलेली मुक्त प्रणाली आपल्या नेमक्या मॉडेलसाठी उपलब्ध आहे का, ते पाहावे. ती टाकण्याआधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करून देणारा भाग, खुला करावा लागतो. काही कंपन्या तो खुला करूच देत नाहीत, आणि करताना फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. त्यानंतर बँकेची काही अ‍ॅप्स चालण्यास नकार देऊ शकतात, म्हणून यूपीआयचे व्यवहार याच फोनवर असतील तर हा खटाटोप मी सुचवणार नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासूनच्या नियमानुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात. आपल्याकडे खरेदीपूर्वी कंपनीने किती वर्षांच्या सुरक्षा अपडेटचे आश्वासन दिले आहे, हे पाहणे एवढेच ग्राहकाच्या हाती आहे. नवा फोन घेतलाच, तर जुना वाय-फायवर वाचनासाठी आणि गाण्यांसाठी ठेवावा. बँकेचे आणि ई-मेलचे खाते त्यातून काढून टाकावे.