न संपणारा जिना काढणारी मुलगी

ताई, नमस्कार.

तुमची सोळा वर्षांची लेक गणितात पहिली येते आणि वहीच्या मागच्या पानांवर कितीही चढलं तरी न संपणारे जिने काढते. तिला दृष्टिभ्रमाची चित्रंच काढायची आहेत. तुम्ही विचारता, गणित वाया जाईल का आणि पोट भरेल का?

गणिताची काळजी सोडा. तो जिना मुळात गणिताच्याच घरचा. 1954 साली ॲमस्टरडॅममध्ये गणितज्ञांची परिषद भरली होती. तिथे आलेल्या रॉजर पेनरोज या तरुणाने एशर या डच चित्रकाराचं प्रदर्शन पाहिलं आणि तो झपाटून गेला. पुढे 1958 मध्ये त्याने वडिलांसोबत अशक्य त्रिकोण आणि अशक्य जिन्यावर, म्हणजे कागदावर काढता येतात पण प्रत्यक्षात बांधता येत नाहीत अशा आकृत्यांवर, लेख लिहिला. तो एशरच्या हाती पडला आणि 1960 मध्ये त्या जिन्याचं शिलामुद्रण (दगडावरून छापलेलं चित्र) तयार झालं. याच पेनरोजना 2020 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा लेकीच्या वहीची पुढची आणि मागची पानं एकमेकांच्या आड येत नाहीत.

पोटाचं उत्तर इतकं गोड नाही. एशरला नुसत्या चित्रांवर जगता येईपर्यंत पन्नाशी उलटली. तोवर घरच्यांच्या मदतीचा आधार लागला. दृष्टिभ्रमाच्या चित्रांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या वासारेलीने वैद्यकीचं शिक्षण सोडलं, पण पॅरिसमध्ये अनेक वर्षं जाहिरातींची कामं केली. याच कलेतल्या ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीनेही जाहिरात संस्थेत नोकरी केली. म्हणून माझं स्पष्ट मत: पदवी उपयोजित कलेची किंवा ग्राफिक डिझाइनची घ्यावी. मुखपृष्ठं, रंगमंचाचे पडदे, भिंतींवरची चित्रं अशी कामं त्यातून मिळतात आणि स्वतःच्या चित्रांना वेळ देता येतो. सगळी भिस्त चित्रं विकली जाण्यावर ठेवू नका.

आता तिची पारख. रायलीचं 1961 मधलं ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ तिला दाखवा. काळेपांढरे चौकोन, उंची सगळीकडे तीच. रुंदी मात्र कमी होत होत रेघेएवढी उरते आणि पुन्हा वाढते. सपाट पृष्ठभाग तिथे आत दुमडल्यासारखा दिसतो. तसं स्वतःचं एक चित्र तिला पट्टी-पेन्सिलने करू द्या, संगणक नको. एका रांगेची रुंदी जरी अंदाजाने घेतली, तरी घडी मोडते, आणि चूक कुठे झाली हे लगेच सापडत नाही. अशा वेळी ती कंटाळून उठते की खोडून पुन्हा मोजते, एवढंच बघा. या कलेत चमत्कार पाहणाऱ्याच्या वाट्याला येतो. करणाऱ्याच्या वाट्याला मोजमाप. रोममधल्या सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोने सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला. तो खरा वाटावा म्हणून कुठे उभं राहायचं, त्याची खूण जमिनीवर केलेली आहे. तिथून बाजूला सरकलं की घुमट कलंडतो. मोठ्या भिंतीवर काम करणाऱ्याला म्हणूनच परांचीवरून शंभरदा खाली उतरून त्या जागेवरून बघावं लागतं.

आणि इंटरनेटवरचे नमुने गिरवण्यात तिचा वेळ जातोय का, तेही जरा पाहा. हात बसायला ते ठीक, पण कला महाविद्यालयात दाखवायला स्वतःची कल्पनाच लागते.

चौकोनांचं चित्र झालं की मला पाठवा. सोबत फसलेले कागदही पाठवा, ते मला आधी बघायचे आहेत.